मतपत्रिकेच्या तळाशी

२ जून २०१६ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या न्यायालयात न्यायाधीश एरन पर्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याला शिक्षा सुनावली. बेशुद्ध पडलेल्या तरुणीवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं होतं. शिक्षा झाली सहा महिने तुरुंगवासाची. त्या तरुणीने न्यायालयात वाचलेलं निवेदन दोन-तीन दिवसांत जगभर पोचलं आणि देशभर संताप उसळला. शिक्षेनंतर पाचव्या दिवशी, ७ जूनला, काउंटीत प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीआधीची पहिली फेरी, होती आणि पर्स्की यांची सहा वर्षांची मुदतही याच निवडणुकीत नव्याने ठरायची होती. पण मतदारांच्या हाती आलेल्या मतपत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं. अर्ज भरण्याची मुदत मार्चमध्येच संपली होती, तोवर त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं नव्हतं. विद्यमान न्यायाधीशाला प्रतिस्पर्धी नसेल तर कॅलिफोर्नियात त्याचं नाव मतपत्रिकेवर छापतच नाहीत. एकही मत न पडता पर्स्की पुढच्या सहा वर्षांसाठी निवडून आले.

अमेरिकेतली प्रायमरी म्हटलं की आपल्याकडे आयोवा, न्यू हॅम्पशायर आणि अध्यक्षपदाचे इच्छुक एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्याच मतपत्रिकेच्या खालच्या अंगाला काय काय असतं याकडे अमेरिकेतल्याही पुष्कळांचं लक्ष जात नाही. तिथे शेरीफ असतो, न्यायाधीश असतो, मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर असतो, शाळांच्या कारभाराचा प्रमुख असतो; आणि त्याखाली कर, कर्जरोखे, पुलांचा टोल, घरबांधणी असे प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवलेले असतात. त्यांना ‘मेझर’ म्हणतात. ज्याचा घरखर्चाशी, पोरांच्या शाळेशी आणि गल्लीतल्या पोलिसाशी संबंध येतो, असं बरंचसं या तळाच्या भागात ठरतं. आणि त्यातलं कितीतरी नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीपर्यंत जातच नाही, प्रायमरीतच निकाली निघतं.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. साधारण आपल्या जिल्ह्यासारखा हा राज्याचा विभाग. कॅलिफोर्नियात ५८ काउंटी आहेत. सांता क्लारा काउंटीत सान होजे, सनीव्हेल, कुपर्टिनो, पालो आल्टो अशी १५ शहरं आणि सुमारे १९ लाख वस्ती आहे. सिलिकॉन व्हॅलीचा बहुतेक भाग हाच. कारभार पाच सुपरवायझरांच्या मंडळाकडे. वर्षाचं अंदाजपत्रक १० अब्ज डॉलरांहून मोठं. सार्वजनिक रुग्णालय, तुरुंग, आरोग्य खातं, मालमत्ता कराची आकारणी आणि खुद्द निवडणुका हे सगळं काउंटी चालवते. १६ मार्च २०२० रोजी बे एरियातल्या, म्हणजे सान फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या, सहा काउंटींनी लोकांना घराबाहेर न पडण्याचा आदेश दिला. कोरोनाच्या काळातला अमेरिकेतला असा तो पहिला आदेश. सांता क्लारापुरत्या आदेशावर तिथल्या आरोग्य अधिकारी डॉ. सारा कोडी यांची सही होती, आणि त्या पदावर नेमणूक होते ती काउंटीच्या सुपरवायझर मंडळाकडून. त्या मंडळातल्या काही जागांसाठीचं मतदान तेरा दिवस आधीच, ३ मार्चच्या प्रायमरीत, झालेलं होतं.

कॅलिफोर्नियात दोन प्रकारच्या प्रायमरी एकाच कागदावर नांदतात. गव्हर्नर, आमदार, काँग्रेसचे सदस्य यांच्यासाठी २०१० साली मतदारांनीच ‘पहिले दोन’ ही पद्धत मंजूर केली आणि २०१२ पासून ती लागू झाली. सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोघे, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, नोव्हेंबरला समोरासमोर येतात. एखाद्याला प्रायमरीत ९० टक्के मतं पडली तरी नोव्हेंबर चुकत नाही. काउंटीच्या पदांचं तसं नाही. सुपरवायझर, शेरीफ, डिस्ट्रिक्ट अॅटर्नी (काउंटीचा मुख्य सरकारी वकील), असेसर, न्यायाधीश या पदांना पक्षच नसतो. उमेदवाराच्या नावापुढे डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे छापत नाहीत. इथे प्रायमरीत निम्म्यापेक्षा एक मत जास्त मिळालं की उमेदवार निवडून आला, विषय संपला. कुणालाच बहुमत मिळालं नाही तर पहिले दोघे नोव्हेंबरला भिडतात.

या नियमाचं बळ सांता क्लाराच्या शेरीफ लॉरी स्मिथ यांच्या बाबतीत दिसलं. १९९८ साली निवडून आल्यापासून त्यांची फेरनिवड होत आली होती. ५ जून २०१८ ला मात्र त्यांना निम्म्याची रेषा ओलांडता आली नाही आणि त्यांच्याच खात्यातून निवृत्त झालेल्या जॉन हिरोकावा यांच्याशी नोव्हेंबरमध्ये लढत द्यावी लागली. ती त्यांनी जिंकली. पुढे गैरकारभाराच्या आरोपांवरून त्यांच्यावर दिवाणी खटला उभा राहिला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरअखेर, निकाल तोंडावर आलेला असताना, त्यांनी राजीनामा दिला.

२०१८ ची ती मतपत्रिका खरोखर न्याहाळण्यासारखी होती. गव्हर्नरपदासाठी २७ नावं. सिनेटच्या एका जागेसाठी ३२. एवढी यादी पार करून तळाशी पोचेपर्यंत माणूस थकून जातो, आणि पुष्कळ मतदार वरची चार-पाच वर्तुळं रंगवून खालचा कागद कोराच सोडतात. जे तळापर्यंत जातात, त्यांच्याजवळही उमेदवाराविषयी फारशी माहिती नसते. मतपत्रिकेवर नावाखाली उमेदवाराचा सध्याचा मुख्य व्यवसाय लिहिता येतो, तोही जास्तीत जास्त तीन शब्दांत. शिक्षक, छोटा व्यावसायिक, सरकारी वकील असे ते शब्द. पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही. मग हे तीन शब्दच उमेदवाराची सगळी ओळख होऊन बसतात. म्हणून त्यांच्यावरून कोर्टकज्जे होतात. छपाईआधी दहा दिवस हा मजकूर लोकांना तपासायला खुला असतो, आणि ‘हा स्वतःला शिक्षक म्हणवतो, पण याचा मुख्य धंदा वेगळाच आहे’ अशा तक्रारी न्यायाधीशापुढे जातात.

नावांचा क्रमसुद्धा नशिबावर सोडलेला नाही, असं म्हणण्यापेक्षा तो जाणूनबुजून नशिबावर सोडलेला आहे. पहिल्या नावाला केवळ पहिलं असल्यामुळे थोडी जास्त मतं पडतात, हे अभ्यासातून पुढे आलेलं आहे. त्यामुळे राज्याच्या निवडणूक कार्यालयात इंग्रजी बाराखडीच्या २६ अक्षरांची जाहीर सोडत काढतात. सोडतीत ज्या क्रमाने अक्षरं निघतील ती त्या निवडणुकीपुरती बाराखडी, आणि काउंटीतल्या उमेदवारांची नावं त्याच क्रमाने लागतात. आडनाव ए पासून सुरू होतं म्हणून कुणाला आयुष्यभर वरची जागा मिळत नाही.

मतदानाच्या महिनाभर आधी काउंटीचं माहितीपुस्तक घरपोच येतं. त्यात उमेदवाराला साधारण २०० शब्दांत स्वतःविषयी सांगता येतं, पण बहुतेक काउंटींत त्या छपाईचे पैसे त्यालाच भरावे लागतात. पदरी पैसा नसलेल्या उमेदवाराचं पान त्यामुळे कोरं राहतं, आणि ही या पद्धतीतली उणीव किरकोळ मानता येणार नाही. मेझरची मांडणी मात्र आदर्श म्हणावी अशी आहे. मतपत्रिकेवरचा प्रश्न ७५ शब्दांत बसवायचा. मग सरकारी वकिलाचं निःपक्ष विश्लेषण. मग बाजूने ३०० शब्द, विरोधात ३००, आणि दोघांनाही एकमेकांना उत्तर द्यायला अडीचशे. कर्जरोखे असतील तर मालमत्ताधारकाच्या करात किती भर पडेल याचं निवेदन वेगळं. सामान्य नागरिक विरोधातला मजकूर लिहून देऊ शकतो आणि तो सरकारी खर्चाने लाखो घरांत पोचतो.

मेझरचा हा सगळा पसारा कशामुळे वाढला, याचं उत्तरही एका जून महिन्यातच सापडतं. ६ जून १९७८ च्या प्रायमरीत कॅलिफोर्नियाने ‘प्रपोझिशन १३’ हे राज्यपातळीवरचं मेझर सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर केलं. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन यांनी सह्या गोळा करून ते मतपत्रिकेवर आणलं होतं. मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला गेला. घर विकलं जात नाही तोवर हे मूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनीच वाढवता येतं. समजा एका जोडप्याने १९८० मध्ये सनीव्हेलला १ लाख २० हजार डॉलरांना घर घेतलं. दर वर्षी २ टक्के धरले तर ४५ वर्षांनी त्याचं करपात्र मूल्य २ लाख ९३ हजारांच्या आसपास, आणि मूळ कर तीन हजारांच्याही आत. शेजारचं तसंच घर एखाद्या तरुण कुटुंबाने आता २० लाखांना घेतलं तर त्याचा कर २० हजार. रस्ता तोच, शाळा तीच, कचऱ्याची गाडीही तीच.

करपात्र मूल्याला असा लगाम बसला आणि स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाची मोठी वाट बंद झाली. ठरावीक कामासाठी नवा कर लावायचा तर मतदारांच्या दोन-तृतीयांश संमतीची अटही याच प्रपोझिशनमधून आली. तेव्हापासून शाळा, ग्रंथालयं, शहरं पैशासाठी पुनःपुन्हा मतदारांच्या दारात जातात. शाळांच्या कर्जरोख्यांसाठी २००० साली ही अट ५५ टक्क्यांवर उतरली. बाकी ठिकाणी ती बरीचशी कायम आहे.

पर्स्की यांचं नाव नसलेल्या ७ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर ‘मेझर एए’ होतं. सान फ्रान्सिस्को उपसागराच्या काठची भरतीची दलदल पूर्वी मिठागरांसाठी आणि भराव टाकून बुजवली गेली होती; ती पुन्हा जिवंत करण्यासाठी नऊ काउंटींतल्या प्रत्येक भूखंडावर वर्षाला १२ डॉलर, २० वर्षं. छोटं घर असो की अवाढव्य कंपनीचं आवार, भूखंड एक तर रक्कम एकच. सुमारे ७० टक्क्यांनी ते मंजूर झालं आणि वर्षाला अडीच कोटी डॉलरांची सोय झाली. एक सबंध उपसागर एकजुटीने कर मान्य करतो, याचं हे सुंदर उदाहरण आहे.

अटींचा डाव समजून घ्यायचा तर सान होजे शहराचं मार्च २०२० चं ‘मेझर ई’ पाहावं. २० लाख डॉलर आणि त्यावरच्या मालमत्तांच्या विक्रीवर कर लावायचा होता. त्या पैशातून परवडणारी घरं बांधू, असं शहर सांगत होतं. पण तसं मतपत्रिकेत बंधनकारक लिहिलं असतं तर तो ठरावीक कामाचा कर ठरून दोन-तृतीयांश मतं लागली असती. म्हणून तो सर्वसाधारण कर म्हणून मांडला गेला. त्याला साधं बहुमत पुरतं, आणि सुमारे ५३ टक्के मतं मिळाली. घरबांधणीचा हेतू नगरपरिषदेच्या धोरणात लिहिला गेला. धोरण पुढे बदलता येतं, आणि ते बदललं. निधीचा मोठा वाटा बेघरांच्या तात्पुरत्या निवाऱ्याकडे वळला. त्या खर्चाची गरज कुणी नाकारणार नाही. पण मत देताना लोकांच्या मनात काय होतं आणि कागदावर काय होतं, यातलं अंतर पुस्तकातलं विश्लेषण वाचणाऱ्यालाच आधी कळलं असणार.

जून २०१८ चं ‘रीजनल मेझर ३’ नऊ काउंटींना पुलांच्या टोलविषयी विचारत होतं. गोल्डन गेट वेगळ्या मंडळाकडे असल्याने तो यात नव्हता; राज्याच्या मालकीच्या सात पुलांवर २०१९, २०२२ आणि २०२५ असा तीन टप्प्यांत एकेक डॉलर वाढवायचा आणि त्यातून सुमारे साडेचार अब्ज डॉलरांची वाहतुकीची कामं करायची. एकूण सुमारे ५५ टक्के होकार आला, पण सोलानो आणि काँट्रा कोस्टा या काउंटींत बहुमत विरोधात गेलं. तिथल्या लोकांना रोज पूल ओलांडून कामावर जावं लागतं. हा टोल की कर, आणि कर असेल तर दोन-तृतीयांश का नको, यावर करदात्यांची संघटना न्यायालयात गेली. गाड्या वाढीव टोल भरत राहिल्या आणि तो पैसा वेगळ्या खात्यात अडकून पडला. २०२३ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण निकाली काढल्यावर तो मोकळा झाला.

जून २०१८ च्या त्याच मतपत्रिकेवर सान होजेच्या मतदारांपुढे दोन परस्परविरोधी मेझर होते. शहराच्या एव्हरग्रीन भागात ज्येष्ठांसाठी ९१० घरांची वसाहत उभारू पाहणाऱ्या बिल्डरांनी सह्या गोळा करून ‘बी’ आणलं होतं. शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनींवर अशी घरबांधणी अवघड करणारं ‘सी’ नगरपरिषदेने उत्तरादाखल मांडलं. ‘बी’ पडलं, ‘सी’ पास झालं. सह्यांची वाट सामान्यांसाठी काढलेली असली तरी पैसा असलेल्यालाही ती मोकळी असते.

ही वाट १९११ ची. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने राज्याचं विधिमंडळ खिशात घातलं होतं, अशा काळात गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाने लोकांना तीन हक्क दिले: स्वतः कायदा मांडण्याचा, विधिमंडळाचा कायदा रोखण्याचा आणि निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावण्याचा. यातला तिसरा हक्क पर्स्की यांच्यावर वापरला गेला. स्टॅनफर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक मिशेल डॉबर यांनी मोहीम उभारली. ५८,६३४ सह्या लागणार होत्या, सुमारे ९५ हजार जमल्या. दरम्यान राज्याच्या न्यायिक आयोगाने चौकशी करून पर्स्की यांनी गैरवर्तन केलेलं नाही असा निर्वाळा दिला होता, आणि ‘लोकक्षोभ पाहून न्यायाधीश निकाल देऊ लागले तर गरिबांचंच नुकसान होईल’ असं अनेक वकील आणि कायद्याचे अभ्यासक बजावत होते. ५ जून २०१८ ला साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी पर्स्की यांना पदावरून काढलं. १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये तीन न्यायाधीशांना असं घरी पाठवल्यानंतर कॅलिफोर्नियात हे पहिल्यांदाच घडत होतं.

वकिलांची आणि अभ्यासकांची ती भीती पोकळ नव्हती. दोन राज्यशास्त्रज्ञांनी पुढे कॅलिफोर्नियातल्या काउंटींच्या शिक्षांच्या नोंदी तपासल्या. परत बोलावण्याची मोहीम जाहीर होताच इतर न्यायाधीशांनी दिलेल्या शिक्षांची लांबी सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. एका श्रीमंत घरच्या तरुणाला मिळालेल्या सौम्य शिक्षेचा राग वेगळ्याच माणसांच्या तुरुंगवासात उतरला. पर्स्की यांचा निर्णय ज्यांना असह्य झाला त्यांचा संताप रास्त होता. पण या उपायाची किंमतही तितकीच खरी आहे, आणि ती मोजल्याशिवाय पुढची सही करू नये.

मुळात ही निवड करतात किती जण? जून २०१४ च्या प्रायमरीत राज्यातल्या नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम २५ टक्क्यांनी मत दिलं. २०१८ मध्ये साडेसदतीस टक्के. त्यातही तळापर्यंत पोचलेले आणखी कमी. महाराष्ट्रातल्या गावांत दारूचं दुकान बंद करण्यासाठी आडवी बाटली की उभी बाटली असं मतदान होतं, तेव्हा दुकान हटवायला यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांचा होकार लागतो; घरी बसलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. कॅलिफोर्नियात उलट आहे. मत न देणारा हिशेबातच नसतो, आणि आलेल्यांचं बहुमत तेच काउंटीचं बहुमत.

मतदान वाढावं म्हणून तारखा हलवण्याचे प्रयत्न झाले. राज्याने कायदा करून शेरीफ आणि डिस्ट्रिक्ट अॅटर्नी यांच्या निवडणुका २०२८ पासून अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात नेल्या. त्यासाठी २०२२ मध्ये निवडून आलेल्यांना चाराऐवजी सहा वर्षं मिळाली. सान होजेच्या मतदारांनीही जून २०२२ मध्ये महापौराची निवडणूक अशीच हलवायला मान्यता दिली. पण पुढे झालं असं की महापौर मॅट मेहान यांनी मार्च २०२४ च्या प्रायमरीतच ८० टक्क्यांहून अधिक मतं घेऊन पद राखलं. वर्ष बदललं, तरी निवड झाली ती कमी मतदानाच्या फेरीतच.

सांता क्लारा काउंटीत मराठी घरं पुष्कळ आहेत. नागरिकत्व मिळालेल्यांनाच मत देता येतं, पण तशांची संख्याही आता थोडी नाही, आणि तिथला निवडणूक विभाग हिंदीतही मदत देतो. प्रायमरीचं महत्त्व मराठी माणसाने ओळखल्याचं एक उदाहरण मात्र मिशिगनमधलं आहे. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रींची इच्छा’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले श्री ठाणेदार यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातल्या काँग्रेसच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली. तिथे पक्षागणिक वेगळी प्रायमरी असते आणि बहुमताची अट नसते. नऊ उमेदवारांत ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं मिळाली, ती पुरली. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबरमध्ये काय होणार हे ऑगस्टमध्येच कळलं होतं.

सांता क्लारात आणि शेजारच्या सान मॅटेओत ५ मार्च २०२४ ला याहून चुरशीचं घडलं. काँग्रेसच्या १६व्या मतदारसंघात ११ उमेदवार होते. सान होजेचे माजी महापौर सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेसाठी आमदार इव्हन लो आणि काउंटीचे सुपरवायझर जो सिमिशियन यांची मोजणी चालूच राहिली. टपालाने आलेल्या प्रत्येक पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहायची, सही जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी द्यायची, मतदानाच्या दिवशीपर्यंतचा टपाल शिक्का असलेली पाकिटं पुढचे सात दिवस स्वीकारायची, यात आठवडे जातात. अखेरीस आकडे आले: लो ३०,२४९, सिमिशियन ३०,२४९. नियमाप्रमाणे दोघेही नोव्हेंबरला जाणार होते. मग फेरमोजणीचा अर्ज आला, तो करणाऱ्याला तिचा खर्च भरावा लागतो. फेरमोजणीत सिमिशियन पाच मतांनी मागे पडले आणि शर्यतीबाहेर गेले.

नोव्हेंबरमध्ये लिकार्डो यांनी लो यांना हरवलं. सिमिशियन यांनी सोडलेली सुपरवायझरची जागाही मार्चच्या त्याच मतपत्रिकेवर होती. तिथे कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत. मार्गारेट आबे-कोगा आणि सॅली लीबर नोव्हेंबरला समोरासमोर आल्या, आणि आबे-कोगा निवडून आल्या.